ज्या वाचतील त्या

“मारासाठी नेता, का पाळासाठी?” शेवंताबाईंनी विचारलं.

मी मठाच्या ओट्यावर बसले होते. मांडीवर थर्माकोलचा डबा, पायाशी पिशवी, आणि सकाळच्या एसटीनं हाडं खिळखिळी केलेली. ‘कशाला हव्यात माश्या’ असं कोणी विचारलं की ‘अभ्यासासाठी’ म्हणायचं, हे मी बसमध्येच ठरवून ठेवलं होतं. पण बाईंनी प्रश्नच असा विचारला की त्यात अभ्यास कुठे बसेना.

“दोन्हीसाठी,” मी म्हटलं. “काही माराव्या लागतील. बाकीच्या पाळू.”

खोटं बोलायलाही अंगात थोडं बळ लागतं. त्या पावसाळ्यात मी माश्यांच्या मागे इतकी गावं फिरले होते की ते बळ माझ्यात उरलं नव्हतं. नाही म्हणाल्या तर उठायचं, दुपारची गाडी धरायची आणि घरी जाऊन झोपायचं, एवढंच डोक्यात होतं.

बाई लगेच नाही म्हणाल्या नाहीत. सत्तरीच्या आसपासच्या, अंगावर काळसर वस्त्र, डोळ्यांवर दोरीनं बांधलेला चष्मा. मठ महानुभावांचा, डोंगराच्या पायथ्याशी, अगदी लहान. पाच-सहा तपस्विनी राहायच्या आणि शेवंताबाई त्यांच्यातल्या थोरल्या. अंगणात वांगी, भेंडी, कुंपणाला देवकापसाची दोन झाडं. मी आल्याबरोबर वांग्याचं एक पान उलटून पाहिलं होतं. खाली पांढऱ्या माश्या बसल्या होत्या, तांदळाच्या कणीहून बारीक, पंख मिटून, निवांत. त्या बागेत कधीही, कोणीही, कसलंही औषध फवारलेलं नव्हतं.

“मले नीट सांगा,” बाई म्हणाल्या. “घाई नाई.”

मी सांगितलं.

आमच्या कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पांढरी माशी दोन प्रकारची असायची. आम्ही आपापसांत त्यांना गरीब आणि माजोरी म्हणायचो. माजोरी म्हणजे शेतातली, औषधाला भीक न घालणारी. गरीब म्हणजे हरणे सरांनी नोकरीच्या सुरुवातीला कुठल्याशा आडगावातून आणलेल्या माश्यांची प्रजा. सरांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जाळीच्या पिंजऱ्यांत वाढवली होती आणि तिला औषधाचा वारासुद्धा लागू दिला नव्हता. त्या खोलीचं सोवळं असं होतं की ज्या दिवशी औषधाला हात लावला त्या दिवशी तिथे पाऊल टाकायचं नाही. गरीब माशी जेवढ्या औषधानं मरते त्याच्या कितीपट औषध माजोरीला लागतं, हे काढलं की शेतातली माशी किती निर्ढावली आहे ते कळतं. गरीब नसेल तर माजोरीचा माज मोजणार कशानं?

त्या वर्षी मे महिन्यात वीज गेली, जनरेटरनं दगा दिला, आणि एका दुपारीत ती सगळी प्रजा संपली. पिंजऱ्यांच्या तळाशी पीठ सांडल्यासारखं दिसत होतं. सर चष्मा काढून तो शर्टाच्या टोकाला पुसत उभे राहिले आणि पुसून झाल्यावरही पुसतच राहिले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

“मंग तुमाले तशा गरीब पाह्यजेत,” बाई म्हणाल्या.

“हो.”

“दुसरीकडं नाई भेटल्या?”

मला हसू आलं, थकलेल्या माणसाला येतं तसं. मेळघाटाच्या पोटातल्या एका पाड्यावर गेले होते. तिथल्या माणसानं कौतुकानं फळीवरून औषधाची बाटली काढून दाखवली, म्हणाला, आमच्याकडेही सगळं मिळतं आता. एका शाळेची परसबाग बघितली, तर मुख्याध्यापकांनी तपासणीच्या आधी दोनदा मारून घेतलं होतं. ‘विषमुक्त शेती’ अशी पाटी लावलेल्या एका शेतात पाटी चांगली होती, पण शेडमध्ये शिरल्याबरोबर नाकानं सांगितलं की परत फिर. शेवटी माझी वहिनी म्हणाली, “आमच्या माहेरच्या मठात जाऊन पाहा ना. तिथी मुंगीले बी हात लावत नाईत.” वहिनीचं माहेर उपदेशी, म्हणजे महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेलं. तिच्याच ओळखीवर मी इथे आले होते.

“नलू कशी हाये?” बाईंनी विचारलं. “तिचा मालक दवाखान्यात होता म्हने.”

नलू म्हणजे वहिनी, आणि तिचा मालक म्हणजे माझा थोरला भाऊ, दिगंबर. आदल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास कपाशीत फवारता फवारता धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच कोसळला. मी दवाखान्यात पोचले तेव्हा त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या आणि तो मला ओळखत नव्हता. वाचला. घरी आला. आणि शेतात उभं राहता यायला लागल्याबरोबर त्यानं पुन्हा पाठीवर पंप चढवला. मी भांडायलाच गेले होते.

“माशी मरत नाई हे मले मालूम हाये, पमे,” तो म्हणाला होता. “दोन वर्सांपासून पाह्यतो ना मी.”

“मग कशाला फवारतोस?”

“मंग काय करू? धुऱ्यावर बसून पाहू? ह्या अंगचा फवारते, त्या अंगचा फवारते. आन्‌ तुमच्याच पुस्तिकेत लिहेल हाये, पांढऱ्या माशीसाठी हे मारा म्हनून. तिथून त्याचं नाव काढ. मी त्या दिवशी बंद करतो. आईची शप्पथ.”

पुस्तिका आमच्याच विद्यापीठाची होती. दर दिवाळीनंतर शिफारशींची बैठक व्हायची आणि दर वर्षी हरणे सर उठून सांगायचे की या औषधानं आता माशी मरत नाही. दर वर्षी तेच उत्तर यायचं. औषध चांगलं आहे, शेतकरी चुकीचं फवारतात. पाणी कमी घेतात, पंप खराब असतात, वेळ चुकते. आता तर सरांकडे गरीब माशीही नव्हती. ‘तुलनेला काय आणलंत?’ असं विचारलं की ते खाली बसणार होते, आणि ते नाव आणखी एक वर्ष पुस्तिकेत राहणार होतं, आणि माझा भाऊ आणखी एक हंगाम ते अंगावर घेणार होता. मी पायपीट करत होते ती शास्त्रासाठी नव्हे. मला तो पुन्हा त्या खाटेवर नको होता.

हे सगळं मी बाईंना सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग उठल्या आणि झोळी खांद्याला लावली.

“भिक्षेची येळ झाली,” म्हणाल्या. “आल्यावर बोलू. तुमी पडा जराशा. डोये लाल झाले तुमचे.”

मी खरंच झोपले, थर्माकोलचा डबा उशाशी घेऊन. जाग आली तेव्हा बाई समोर बसून झोळीतलं अन्न ताटांत वाढत होत्या. पाच घरच्या भाकरी, पाच घरच्या भाज्या, कुठे वरण, कुठे ठेचा. सगळं एकत्र. आम्ही जेवलो.

“आमी मारत नाई,” बाई म्हणाल्या. “सरपन बी झटकून घेतो चुलीत घालाच्या आंधी. स्वामींची आज्ञा हाये. मारासाठी देनं बी मारन्यासारखंच झालं.”

“बरोबर आहे,” मी म्हटलं. दुपारची गाडी गेली होती, पण संध्याकाळची होती.

“पन हे पाहा.” त्यांनी भाकरीचा तुकडा वर धरला. “ही गावचीच हाये. ज्या शेतात फवारते त्याच शेतातली. ती खाऊन मी म्हनू का, की माह्या हाताले काही लागलं नाई? तुमच्या भावाच्या हाताले लागते ते माह्याबी पोटात जाते.” त्यांनी तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावून खाल्ला. “नेजा. पन मले एक वचन द्या.”

“कसलं?”

“ज्याइले औषध द्यान, त्यातल्या ज्या वाचतील, त्या इथी आनून सोडाच्या.”

“परत?”

“त्या इथल्या हायेत. आमी दिल्या. जगल्या तं त्याइचं घर इथीच हाये.”

मी लगेच हो म्हटलं. मला ते वचन देताना काहीच जड गेलं नाही, कारण औषधावर बसवलेली एकही वाचणार नाही याची मला खात्री होती. मरणाऱ्या होत्या म्हणून तर मी एवढ्या लांब आले होते. अशी वचनं आपण सहज देतो, पाळायची वेळच येणार नसते म्हणून.

रात्री मठातच राहिले. माशी पहाटेच्या गारव्यात सुस्त असते, तेव्हा धरायची. तोंडात रबराची नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला काचेची लहान बाटली, पान हलकेच उलटायचं आणि श्वास आत ओढायचा. माश्या बाटलीत येतात. बाई कंदील घेऊन माझ्यामागे उभ्या होत्या.

“तोंडात नाई जात?”

“मध्ये जाळी आहे.”

“आन्‌ गेली तं?”

“गेली तर गेली, बाई. आजवर बऱ्याच गेल्या.”

तेव्हा त्या हसल्या. मग एकेका रोपापाशी मी बसले की त्या थोडं वाकून पानाला काहीतरी म्हणायच्या, ओठांतल्या ओठांत. काय म्हणत होत्या ते मी विचारलं नाही. निघताना त्यांनी डबा माझ्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही.

प्रयोगशाळेत परत आल्यावर सरांनी डब्याला हात जोडल्यासारखं केलं. गंमत म्हणून केलं, पण डोळे भरले होते. “मठातली गरीब,” म्हणाले. “आता हिचं सोवळं पाहिलं पाहिजे.” अर्ध्या माश्या आम्ही खोलीत पाळायला सोडल्या आणि अर्ध्या चाचणीला घेतल्या. कपाशीची पानं औषधाच्या पाण्यात बुडवून वाळवायची, लहान बरण्यांत ठेवायची, त्यांवर माश्या सोडायच्या आणि दोन दिवसांनी मोजायचं. सगळ्यात फिकट पाण्यापासून ते पुस्तिकेत लिहिलेल्या मात्रेपर्यंत. मेली की नाही हे बारीक कुंचल्यानं ठरवतात. स्पर्श केला, पाय हलला, तर जिवंत.

दोन दिवसांनी मी भिंगाखाली पहिली बरणी घेतली. फिकट पाण्याची होती, त्यात सगळ्या जिवंत होत्या. ते चालण्यासारखं होतं. दुसरी घेतली. तिसरी. पुढे पुढे जाताना मेलेल्या दिसायला लागायला हव्या होत्या. मी कुंचला लावत होते आणि त्या पाय हलवत होत्या. पुस्तिकेतल्या मात्रेची बरणी मी शेवटी घेतली. झाकण काढलं, कुंचला लावण्याआधीच त्यातल्या दोन-चार उडून काचेवर बसल्या.

मी खुर्चीत मागे टेकले. बाहेर गवंड्यांचं काहीतरी काम चालू होतं आणि ठोकण्याचा आवाज येत होता. मी तो ऐकत बसले. रडायला येईल असं वाटलं, तेही आलं नाही.

“पुन्हा कर,” सर म्हणाले. “द्रावण चुकलं असेल.”

पुन्हा केलं. द्रावण स्वतः सरांनी तयार केलं. तेच आलं. निम्म्याहून जास्त माश्या जिवंत, आमच्याच पुस्तिकेतल्या मात्रेवर.

“डोंगर आहे ना तिथे?” सरांनी विचारलं.

“तिन्ही बाजूंनी.”

“आणि कपाशी?”

“नदीपलीकडे.”

सर खिडकीपाशी गेले. “वाऱ्याला नदी कसली आणि डोंगर कसला,” म्हणाले. “दर वर्षी थोड्या थोड्या उडून आल्या असतील. तिथल्या गरिबांत मिसळल्या. तिथे कोणी कधी मारलं नाही, तरी त्या बागेत आता आपल्याच शेतातली माशी आहे. खोलीत पाळायला सोडल्या त्याही तशाच मिसळलेल्या.”

“म्हणजे गरीब आता कुठेच नाही?”

“असेल कुठेतरी. मला नाही सापडायची.” दोन वर्षांत ते निवृत्त होणार होते. ते खुर्चीत बसले आणि चाचणीची वही पुढे ओढून आकडे पुन्हा वाचू लागले. मग एकदम म्हणाले, “प्रमिला, पण हे बघ. बैठकीत काय म्हणतात ते? शेतकरी चुकीचं फवारतात. मग इथे कोणी चुकीचं फवारलं? इथे कोणी फवारलंच नाही. ज्या माशीच्या अंगावर उभ्या जन्मात थेंब पडला नाही, ती सुद्धा या औषधानं मरत नाही. आता मला तुलना विचारू दे कोणाला.”

त्यांच्या आवाजात कितीतरी वर्षांनी तरतरी आली होती. मला दिगंबर आठवला. काम झालं, असं वाटलं. आणि पाठोपाठ वचन आठवलं.

“सर, या जिवंत राहिलेल्यांचं काय?”

“काय म्हणजे? फ्रीजर. नेहमीसारखं.”

चाचणीनंतर जे जिवंत उरतं ते थंडीत घालून मारायचं, हा नियम. निर्ढावलेल्यांतले निर्ढावलेले निवडून बाहेर सोडायचे नाहीत. हा नियम मी कितीतरी जणांना शिकवला होता.

“मी शब्द दिलाय,” मी म्हटलं. आणि काय शब्द दिलाय ते सांगितलं.

सरांनी हातातली बरणी खाली ठेवली. “तू असं वचन दिलंस?”

“एकही वाचणार नाही असं वाटलं होतं.”

“तुला कळतंय ना, तू त्या बागेत काय सोडणार आहेस? होत्या त्या परत जात नाहीयेत. औषध पचवलेल्या तेवढ्याच जाताहेत.”

“कळतंय.”

“आणि तरी?”

“त्यांनी मला त्यांच्या झोळीतलं खायला घातलं, सर. आणि त्यांनी स्वतःच्या नियमाविरुद्ध दिल्यात.”

सरांनी टेबलावरच्या बरण्यांकडे पाहिलं. उठले, छत्री घेतली. “मी जेवायला चाललोय,” म्हणाले. “नियम तुला माहीत आहे. फ्रीजरमध्ये काय आहे ते आल्यावर मी उघडून बघणार नाही.” पाऊस नव्हता. तरी छत्री घेऊनच गेले.

मी वाचलेल्या माश्या एका जाळीच्या डब्यात जमवल्या, कपाशीचं रोप त्यात ठेवलं, वरून ओलं फडकं गुंडाळलं आणि एसटीत मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, पिल्लं आहेत का म्हणून. मी हो म्हटलं. खिडकीतून ऊन डब्यावर यायला लागलं की मी पदर धरायची. ज्यांना मारण्यात माझी सगळी उमेदीची वर्षं गेली, त्यांना ऊन लागू नये म्हणून मी हात आखडेपर्यंत पदर धरून बसले होते. मला स्वतःचा राग येत होता आणि हसूही येत होतं. गाडी प्रत्येक फाट्यावर थांबत होती.

शेवंताबाई अंगण झाडत होत्या. “दंडवत,” त्या म्हणाल्या. मी दंडवत म्हटलं. त्यांनी डब्याकडे पाहिलं.

“वाचल्या?”

“वाचल्या, बाई. बऱ्याच.”

त्यांचा चेहरा इतका उजळला की मला खाली बघावं लागलं. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, चष्मा पुसला, आणि म्हणाल्या, “त्या दिवसापासून माह्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता. तुमाले सांगतलं नाई.” मग माझा हात धरून त्यांनी मला वांग्यांपाशी नेलं. मी डबा उघडला. माश्या लगेच उडाल्या नाहीत. रोप हलकेच झटकावं लागलं. मग एकेक उठली, थोडी हवेत तरंगली आणि वांग्याच्या पानाखाली जाऊन बसली. बघता बघता डबा रिकामा झाला.

“मंग औषध नाईच चालत?” बाईंनी विचारलं.

“नाही चालत. आता पुस्तिकेतून ते काढतील. तुमच्या माश्यांमुळे.”

“नलूच्या मालकाले सांगतलं?”

“सांगेन.”

“बरं झालं.” त्यांनी एक पान उलटून पाहिलं. मग म्हणाल्या, “आन्‌ ज्या मेल्या, त्या काऊन मेल्या? ह्या जगल्या आन्‌ त्या मेल्या, असं कसं?”

हा प्रश्न त्यांनी विचारू नये असं मला फाट्याफाट्यावर वाटलं होतं.

“त्या गरीब होत्या,” मी म्हटलं. “मी ज्या शोधत आले होते ना, त्या. तुमच्या बागेत अजून थोड्या होत्या. मिसळलेल्या.”

“आन्‌ तुमी त्याच मारल्या.”

“मारल्याशिवाय कळत नाही, बाई. गरीब कोणती ते ती मेल्यावरच कळतं.”

“म्हंजे पाह्यजे होत्या त्या मारल्या, आन्‌ नको होत्या त्या घेऊन आल्या.”

“हो.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी काहीतरी उत्तर दिलं असतं. त्यांनी नुसतं समजून घेतलं होतं. मी रिकामा डबा घेऊन वाफ्याच्या काठावर बसले आणि मला तिथे रडू आलं. पंधरा दिवसांचं साठलेलं असेल. बाई शेजारी येऊन बसल्या. त्यांनी मला उगी केलं नाही. पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

“पुन्हा यान का?” बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं.

“यावं लागेल. याच्या जागी नवीन औषध येईल. त्याचंही बघावं लागेल.”

“मंग वचन बदलवू.” त्यांनी समोरच्या पानांकडे पाहिलं. “ज्या वाचतील त्याइचं तुमी काहीबी करा. त्याइले कुठीबी जागा हाये. ज्या मरतील त्या माह्याकडं आना.”

दिवाळीनंतरच्या बैठकीत हरणे सर उठले आणि त्या दिवशी त्यांना कोणी खाली बसवू शकलं नाही. औषधाचं नाव पुस्तिकेतून गेलं. दिगंबरनं शपथ पाळली. त्यानं ते बंद केलं आणि पुस्तिकेत त्याच्या जागी जे छापलं होतं ते आणलं. “हे तरी मरते का, पमे?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, सध्या मरते. हातमोजे घालशील का, असंही विचारलं. तो हो म्हणाला. घालायचा की नाही, देव जाणे.

त्यानंतर दर वर्षी मी मठात जात राहिले. पहाटे नळीनं माश्या घ्यायच्या, चाचणी करायची आणि मेलेल्या कागदाच्या पुडीत घालून परत न्यायच्या. पहिल्या वर्षी नव्या औषधानं पुडीत चिमूटभर पीठ बांधल्यासारखं झालं होतं. देवकापसाच्या बुडाशी बाई आधीच लहानसा खड्डा करून ठेवायच्या. पुडी उघडायच्या, त्यात हलकेच रिकामी करायच्या, माती लोटायच्या, पानांना म्हणायच्या तसं काहीतरी ओठांत म्हणायच्या. मग आम्ही जेवायचो. दर वर्षी पुडी थोडी हलकी झाली. सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी मी आले, बैठकीत आता मी उठत होते, आणि मला तेच उत्तर मिळत होतं.

शेवटच्या वर्षी मी फाट्यावरून मठापर्यंत नेहमीपेक्षा हळू चालत गेले. बाई खूप थकल्या होत्या. तरी काठी टेकत कुंपणापर्यंत आल्या आणि हात पुढे केला. मी पुडी दिली. त्यांनी ती उघडली, चष्म्याजवळ नेली, उन्हात धरून पाहिली.

“एकबी नाई?”

“एकही नाही, बाई.”

त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि मला परत दिली. खड्डा त्यांनी सकाळीच उकरून ठेवला होता. त्या खाली बसल्या आणि त्यांनी तो हातानं बुजवला.